सुई, कडे आणि ऐंशी दिवस

सोमवार, ७ जानेवारी २०१९, सकाळचे ५ वाजून ५० मिनिटे. उजवा हात. साठ सेकंदांत १९ स्पर्श.

माझ्या वहीतली ही पहिली नोंद. उपकरण आदल्या संध्याकाळी मीच जोडले होते: तांब्याच्या तारेचे सहा मिलिमीटर व्यासाचे कडे, गोधडी शिवायची एक लांब सुई, बॅटरी आणि एक लाल दिवा. सुई कड्यातून आरपार घालून अधांतरी धरायची. ती कड्याला टेकली की दिवा पेटतो. मिनिटभरात तो किती वेळा पेटला ते मोजायचे आणि लिहायचे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात उत्तेजनार्थ बक्षीस मिळवील इतपतच त्याची मजल होती. पण त्या सकाळी धायरीतल्या आमच्या घरात, आईबाबा झोपलेले असताना, खोलीचे दार लावून मी त्या दिव्याकडे जशी घाबरून पाहत होते, तशी कोणत्याही मोठ्या यंत्रासमोर कधी घाबरले नव्हते.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि पाषाणच्या बाजूच्या एका प्रयोगशाळेत पीएच.डी. करत होते. काम माशांच्या अंड्यांवर. मोहरीच्या निम्म्याएवढे अंडे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे आणि केसाहून बारीक काचेच्या सुईने त्यात द्रावणाचा थेंब सोडायचा. प्रयोगशाळेत हे माझ्याइतके चांगले कोणालाही जमत नसे. हे मी संकोच न करता लिहिते, कारण ते खरे होते. जुलैअखेर अशा चारशे अंड्यांची निरीक्षणे हाती आली, तर परदेशातल्या एका शिष्यवृत्तीसाठी माझा अर्ज जाणार होता. शुक्रवारी, ४ जानेवारीला, तासाभरात माझ्या हातून चार सुया मोडल्या. पाचवी उचलली तेव्हा तिचे टोक भिंगाखाली थरथरताना दिसले. भिंग सगळेच अनेक पटींनी मोठे दाखवते, हे मला ठाऊक होते. तरीही सुई खाली ठेवली आणि हात मांडीखाली दाबून बसून राहिले.

माझ्या बाबांचाही उजवाच हात.

बाबा पेठेतल्या एका शाळेत भूमिती शिकवत. कंपास न वापरता फळ्यावर बिनचूक वर्तुळ काढणारे सर, ही त्यांची ख्याती. त्यांच्या बावन्नाव्या वर्षी उजव्या अंगठ्यात कंप सुरू झाला. मग अक्षर लहान लहान होत गेले, मग पावले आखूड पडू लागली. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. त्यानंतरचे शेवटचे वर्ष त्यांनी फळ्याकडे पाठ करून, नुसते बोलून भूमिती शिकवली आणि निवृत्ती घेतली. घरात त्यांच्या हाताकडे कोणी पाहत नसे. हा नियम कोणी केला नव्हता. ते चहा घेऊ लागले की आई खिडकीबाहेर पाही आणि मी मोबाइलकडे.

मी शास्त्र शिकलेली मुलगी, मी वाचले. हा आजार बहुधा वारशाने येत नाही. तरुण वयात तर सहसा होत नाही. प्रत्येक विधानात एक ‘बहुधा’ किंवा एक ‘सहसा’ होता आणि मी नेमके तेवढेच शब्द वाचत होते. डॉक्टरांकडे गेले नाही. तिथे कोणीतरी मला उत्तर दिले असते. वहीतला आकडा निदान माझ्याच ताब्यात होता. कोणाला काही सांगितले नाही, बाबांना तर नाहीच. आपला हात मुलीला गेला, हे त्यांना कळू नये, एवढी एकच गोष्ट मी त्या दिवसांत निश्चयाने ठरवली होती.

त्याच महिन्यात बाबांना योगासनांच्या वर्गाला घालायचे ठरले. वर्ग मार्केट यार्डाच्या कडेला, कांद्याच्या एका जुन्या गोदामावरच्या खोलीत भरे. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी पावणेसात. बाबांना स्कूटरवरून नेण्या-आणण्याचे काम माझे. शिकवणारे काका सत्तरीच्या पुढचे. मूळचे धायरीच्याच शेतकरी घरातले, पण उभी हयात यार्डात तोलणार म्हणून गेलेली. तोलणार म्हणजे शेतकऱ्याचा माल तराजूवर चढला की त्याचे वजन पाहून पुकारणारा माणूस. चाळिशीत पाठ धरली म्हणून ते योगासने शिकायला गेले आणि पुढे शिकवू लागले. वर्गात निम्मे लोक निवृत्त हमाल होते आणि निम्मे पेठांतले पेन्शनर.

पहिल्या दिवशी मी कोपऱ्यातल्या बाकावर प्रबंधाचे कागद काढून बसले. काका म्हणाले, “ताई, तो बाक चपलांसाठी हाय.”

“मी बाबांना सोडायला आले आहे.”

“मग सोडून खाली थांबा. नाय तर सतरंजी घ्या. नुसतं बघायला काय, हितं तमाशा नाय.”

बाबांना मनापासून आनंद झाला. “घे सतरंजी,” ते म्हणाले, “एक तरी जागा अशी सापडली, जिथे तुझं चालत नाही.”

मी सतरंजी घेतली. तासाच्या शेवटी काकांना विचारले, “यानं मन स्थिर व्हायला साधारण किती दिवस लागतात?” हाताचा उल्लेख मी टाळला होता.

“वांगं लावलंय का, किती दिवसांत येतं ते सांगायला?” काका म्हणाले. “रोज या एवढं. घरी पण करा. उताणं पडायचं आणि श्वास येतोय-जातोय ते बघायचं. त्याला ढकलायचं नाय.”

मला ही पद्धत अपुरी वाटली. मोजमाप नाही, मुदत नाही, वाढत जाणारी मात्रा नाही. म्हणून मी ती सुधारली. पुस्तके वाचून श्वास रोखण्याचे एक वेळापत्रक तयार केले: चार सेकंद आत, सोळा सेकंद रोखून, आठ सेकंद बाहेर, आणि दर आठवड्याला रोखण्यात चार सेकंदांची वाढ. रोज पहाटे घड्याळ लावून श्वास, त्यानंतर लगेच सुई आणि कडे. आकडे असे आले: १९, २१, १८, २४, २३, २६. आकडा वाढला की मी श्वास अधिक रोखत असे. श्वास अधिक रोखला की आकडा वाढत असे. या दोन वाक्यांतला संबंध माझ्या कोणत्याही विद्यार्थ्याने दहा मिनिटांत ओळखला असता. मला महिनाभरात तो दिसला नाही, कारण मी आकडा वाचताना विचार करत नव्हते, घाबरत होते.

शुक्रवार, ८ फेब्रुवारी. रोखलेला श्वास सुटला तेव्हा ओठ बधिर झाले, बोटांत मुंग्या आल्या आणि खोलीच्या कडा काळ्या होऊ लागल्या. तशाही अवस्थेत मी सुई उचलली. दिवा पेटत-विझत नव्हता. तो जवळजवळ सतत पेटलेलाच होता. मी ३४ लिहिले आणि फरशीवर बसले. हेच ते, असे माझ्या मनात स्पष्ट शब्दांत आले. आता बोटे, मग अक्षर, मग पावले. बाहेर आईने गिरणीचा डबा काढल्याचा आवाज आला आणि तो ऐकून मला रडू आले. घरात सगळे नेहमीसारखे चालले होते आणि मला दारही उघडता येत नव्हते.

त्या दिवशी वर्गात वीरभद्रासन होते. दोन्ही हात खांद्याच्या रेषेत पसरून उभे राहायचे. माझा हात सगळ्यांसमोर कापू लागला. शेजारचे हमालबाबा मान न वळवता म्हणाले, “ताईनं कधी पोतं नाय उचललं वाटतं.”

“त्यांनी पोथ्या उचलल्या,” पलीकडून एक पेन्शनर म्हणाले, “त्याही मोबाइलवर.”

सगळे हसले, हसताना त्यांचेही हात कापत होते. हे मी पाहिले आणि पुराव्यात धरले नाही.

वर्ग संपला. बाबांना चपलेचा पट्टा लावायला पाच मिनिटे लागत आणि मदत केलेली चालत नसे. ती पाच मिनिटे मला मिळाली. मी काकांना सुईचे, कड्याचे, श्वास रोखण्याचे सगळे सांगितले. भीती कशाची आहे तेही सांगितले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते वाक्य तोंडातून बाहेर आले आणि माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

खोलीच्या कोपऱ्यात एक जुना तराजू टांगलेला होता. त्याच्या पारड्याला काकांनी बोटाने धक्का दिला. “पोरी, माल चढला की पारडं हलतं. समोर शेतकरी उभा, हिकडं व्यापारी उभा, मागं पन्नास गाड्या. दोघं म्हणतात, बोल लवकर. मी बोलत नव्हतो. काटा हलतोय तवर वाचायचा नाय. लोक शिव्या द्यायचे. देऊ द्या.”

“पण थांबायला वेळ नसेल तर?”

“मग हात लावून थांबवता येतो की. पुष्कळ जण थांबवतात.” त्यांनी पारड्याला तळहात लावला. “पण मग ते वजन मालाचं नाय. हाताचं.”

प्रयोगशाळेतल्या काट्याची काचेची दारे बंद करून, आकडा स्थिर झाल्याची खूण येईपर्यंत थांबायचे, हे मी नव्या विद्यार्थ्यांना दरवर्षी शिकवत होते. न थांबणाऱ्या एकाला मी वर्गाबाहेरही काढले होते.

“सोमवारपासून यंत्र कपाटात,” काका म्हणाले. “श्वास रोखणं बंद. सकाळी अर्धा तास मी सांगितलं तेवढंच. ऐंशी दिवस हाताकडं बघायचं नाय.”

“ऐंशीच का?”

“शंभर म्हणलं तर पळून जाल. आणि डागदरला दाखवा.”

डॉक्टरांची वेळ मी घेतली. नावाजलेले डॉक्टर असल्यामुळे ती १० जूनची मिळाली. खरे सांगायचे तर लवकरची एक वेळ रिकामी होती. ती नको असे मी सांगितले.

सतराव्या दिवशी, २७ फेब्रुवारीला, मी कपाट उघडले. आदल्या दिवशी माझ्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या होत्या, “हात स्थिर नसेल तर सुई दुसऱ्या कोणाला देऊ. काम अडायला नको.” त्या रागावल्या नव्हत्या, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. आकडा २५ आला. त्याच सकाळी वर्गात जाऊन मी काकांना सांगितले. ते चिडतील, समजूत घालतील, काहीतरी म्हणतील, अशी माझी अपेक्षा होती.

“बरं,” ते म्हणाले. “उद्यापासून पुन्हा एक.”

पुढच्या ऐंशी दिवसांत मी शांत झाले असे कोणी समजू नये. आकडा नव्हता म्हणून भीतीला बसायला एक ठरलेली जागा उरली नाही आणि ती घरभर पसरली. कुलपात किल्ली घालताना ती होती. वरणाच्या डावात होती. नवले पुलापाशी सिग्नलला थांबले की ब्रेकवरच्या बोटांत होती. प्रयोगशाळेत सुई मी दुसऱ्या एका मुलाच्या हाती दिली होती आणि दिवसभर छायाचित्रे तपासत बसत होते. तो मुलगा दिवसाला सहा अंडी वाया घालवत होता आणि मी त्याच्याकडे पाहायचे नाही असे स्वतःला बजावत होते.

सकाळचा अर्धा तास मात्र चुकवला नाही. आधी उभ्याने हात पसरून, मग बसून, मग उताणे पडून. सुरुवातीला मी उताणी पडले की दुसऱ्याच मिनिटाला भीती यायची: छातीच्या मध्यभागी, गार पाण्याचा घोट अडकावा तशी. मी श्वासाला हात न लावता पडून राहायचे. कधी ती अर्धा तास राहायची. तिसाव्या की चाळिसाव्या दिवशी मला एक साधी गोष्ट दिसली: ती येते, वाढते, आणि मी काही केले नाही तर एका ठिकाणी थांबते. जात नाही, थांबते. थांबल्यावर तिच्याकडे पाहता येते. यापलीकडे त्या ऐंशी दिवसांत मला काहीही साधले नाही. एप्रिलच्या उकाड्यात पंख्याखाली पडून मी एवढेच शिकत होते, की घाबरलेली असताना हलायचे नाही.

ऐंशीवा दिवस शनिवारी, १८ मे रोजी संपला. रविवारी सकाळी मी कपाटाशी गेले आणि परत आले. दुपारी आई तिच्या बहिणीकडे गेली, बाबा झोपले. चार वाजून दहा मिनिटांनी मी यंत्र जेवणाच्या टेबलावर मांडले आणि सुई धरली. दिवा पेटू लागला. मी मोजू लागले. नऊ, दहा, अकरा…

“परीक्षा देणारा आणि पेपर तपासणारा एकच,” मागून बाबांचा आवाज आला. “छान पद्धत आहे. आमच्या शाळेत नव्हती.”

सुई कड्यावर आपटली आणि दिवा पेटलेलाच राहिला. बाबा दारात उभे होते. किती वेळ, ते कळले नाही. मी वही मिटायला गेले.

“राहू दे. जानेवारीपासून तुझी पाचची खुडबुड ऐकतोय. काय मोजतेस ते कळायला भूमितीच यावी लागते असं नाही.” ते खुर्चीत बसले. “माझा हात आपल्याला आला, असं वाटतंय ना तुला?”

मी होकारार्थी मान हलवली.

“तुलनेला काय घेतलंस?”

“म्हणजे?”

“अगं, एवढी मापं घेतलीस. दुसऱ्या कोणाचा हात घेतलास का मोजायला? माझा घेतलास?”

साडेचार महिने. चौतीस दिवसांच्या नोंदी. एकही तुलनेची नोंद नाही. आमच्याकडे पहिल्या वर्षाच्या मुलांना या चुकीसाठी प्रयोग पुन्हा करायला लावतात. मला तुलना सुचली नव्हती असे नाही. तुलनेला घ्यायचा हात घरातच होता आणि त्याच्याकडे पाहायचे नाही, हा घरचा नियम होता.

“आधी तुझं,” बाबा म्हणाले. “तू धर. मी मोजतो.”

मी सुई धरली. मोजण्याचे काम माझे नव्हते. डोळे मिटता आले असते, पण मी ते उघडे ठेवले. मिनिट संपल्यावर ते म्हणाले, “अकरा. आता सुई ठेव आणि हात मांडीवर ठेव. नुसता.”

ठेवला. हात मांडीवर पडून होता. जराही हलत नव्हता. एवढ्या महिन्यांत मी त्याला असे रिकामे ठेवून कधी पाहिलेच नव्हते; तो नेहमी काही ना काही धरून असे, निदान दुसऱ्या हाताने दाबलेला असे.

“आता हा बघ. आज बघ. आई घरी नाही.”

बाबांचा उजवा हात त्यांच्या मांडीवर होता. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर फिरत होती, जपमाळेचा मणी ओढावा तशी, थांबल्याशिवाय. सहा वर्षांत मी तो प्रथमच पाहत होते. छातीतला तो गार घोट आला आणि वाढला. मी हलले नाही.

“माझा काही करत नसताना कापतो,” बाबा म्हणाले. “तुझा करताना कापतो. मी मार्चपासून बघतोय. तू माझ्या ताटाकडे बघत नाहीस. मी तुझ्या ताटाकडे बघतो.”

डॉक्टरांनी १० जूनला हेच सांगितले, जास्त मोठ्या शब्दांत. तेही इथेच सांगून टाकते. माझ्या हाताला तो आजार नव्हता. घाबरलेल्या, थकलेल्या हाताचा कंप होता. जूनच्या अखेरीस मी सुई परत घेतली. जुलैपर्यंत चारशे अंडी झाली नाहीत. अर्ज पुढच्या वर्षी गेला. वर्गाला मी अजूनही जाते आणि वीरभद्रासनात माझा हात अजूनही कापतो.

पण त्या दुपारी टेबलापाशी मला सुटल्यासारखे वाटले आणि त्याच क्षणी त्या सुटकेची भीती वाटली, कारण तिचा पुरावा समोर बाबांच्या मांडीवर फिरत होता.

“आता माझं घे,” ते म्हणाले.

“नको, बाबा. कशाला?”

“तुला तुलनेला हवंय. आणि मलाही हवंय. डॉक्टर दर वेळी ‘छान, छान’ म्हणतात. मला आकडा कोणी देत नाही.” त्यांचा आवाज वर्गातल्या सरांसारखा होता, पण शेवटच्या शब्दाला तो जरा खाली आला. तेव्हा मला कळले, की या घरात पहाटे एकटी मीच जागी नव्हते.

मी सुई त्यांच्या बोटांत दिली. हात उचलताच कंप थांबला. सुई कड्याच्या बरोबर मधोमध, फळ्यावरच्या वर्तुळाच्या केंद्रबिंदूसारखी उभी राहिली. एक, दोन, तीन सेकंद. आठ. दहा. दिवा विझलेला. बाबांनी माझ्याकडे पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर आशा होती आणि ती पाहणे मला सर्वांत कठीण गेले. अकराव्या सेकंदाला अंगठा हलला. मग दिवा पेटू लागला, भराभर, ठरलेल्या लयीत. एवढ्या वेगाने पेटणारा दिवा मोजायचा तर मोजणाऱ्याला डोळा हलवून चालत नाही. मी श्वासाला हात लावला नाही. एकही स्पर्श सोडला नाही आणि एकही जास्त धरला नाही.

मिनिट संपले. बाबांनी सुई ठेवली, हात मांडीवर घेतला.

“किती?”

मी सांगितले. त्यांनी कड्याकडे पाहिले.

“बरं. बरोबर मोजलंस ना?”

“हो.”

“मग लिही.”

मी वही उघडली. रविवार, १९ मे २०१९, दुपारचे ४ वाजून ३५ मिनिटे. बाबा, उजवा हात. साठ सेकंदांत स्पर्श: ४३.